कंपनीत मेलं कोण

माझं माहेर दौंडकडलं, सासर शिरूरकडं, आन् संसार म्हणाल तर रांजणगावात, भाड्याच्या एका खोलीत. काय सांगू तुम्हाला, कुठून सुरू करावं तेच कळत न्हाई. कोर्टातबी असंच व्हायचं, वकीलसाहेब म्हणायचे बाई, आधीचं आधी सांगा. तर आधीचं म्हंजी ते कंपनीचं कार्ड. आमचे मालक सातवी शिकलेले. कंपन्या नव्या आल्या तवा कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा दहावीचा दाखला आणा. धाकटे भाऊजी, अशोक, दहावी पास, पर ते टेम्पोवर, त्यांना कंपनी नको व्हती. मीच म्हणलं, मीच बरं का, भाऊजी तुमचा दाखला यांना द्या. दिला. कार्डावर नाव भाऊजींचं, फोटो असा पुसट की दोघांतलं कुणीबी खपावं. तवा अशी लई जणं कामाला जायची, कुणाला त्यात काय वाटायचं न्हाई.

चार वर्षं बरी गेली. मग एक दिवस फस्ट शिफ्टला, ती माल उचलायची गाडी असती बघा, पुढं दोन दांडे असलेली, तिचे ब्रेक लागले न्हाईत आन् हे भिंतीला दाबले गेले. ब्रेक धरत न्हाई म्हणून चालवणाऱ्यानं आधी सांगितलं व्हतं, तरी तीच गाडी चालू. दवाखान्यात नेईस्तवर सगळं संपलं. तिथं आम्ही यांचं खरं नाव लिवलं.

आन् कंपनी म्हणती या नावाचा माणूस आमच्याकडं नव्हताच. व्हता तो अशोक, तो तर जित्ता हाय. म्हंजी आमच्यात कुणी मेलंच न्हाई. अवो, मग आम्ही राख कुणाची सावडली? भरपाईचं ऱ्हाऊ द्या, मला एवढंच लिवून पायजे व्हतं की माझा माणूस तिथं कामावर मेला. म्हणून केस केली.

भाऊजी घाबरले. वैनी, खोटं कार्ड दिलं म्हणून मलाच आत घालतील, म्हणाले. मी लई बोलले त्यांना, वाईट बोलले, आन् मग वाटायचं चूक तर माझी. डोकंच चालंना. शेवटी आपणहून आले, पिंजऱ्यात उभे ऱ्हायले, व्हय साहेब, दाखला माझा, काम दादाचं.

मग तो गाडी चालवणारा आला, बिहारचा. जज्जसाहेबांनी विचारलं, कौन मरा? तो रडायलाच लागला. अशोक भैया मरे साहब, मैं अशोक भैया, अशोक भैया चिल्लाता रहा, उन्होंने आँख खोली. कंपनीचा वकील गालात हसला. म्हंजी मरताना यांना भावाच्या नावानं हाक मारली आन् यांनी डोळं उघडलं?

मग जज्जसाहेब मला म्हणले, मयताचं नाव सांगा. जन्मभर मी अहो म्हणलेली, तोंडातून निघंचना. दोनदा विचारलं. मग म्हणलं, बबन. पहिल्यांदा, भर कोर्टात.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कागदावर हाय, बबन उर्फ अशोक, कामावर असताना मयत. कंपनी वरच्या कोर्टात गेलीय, तिथं काय व्हईल मला न्हाई ठावं. ब्रेकची चूक का माझी, मला अजून उमगत न्हाई. भाऊजींना उदंड आयुष्य मिळो. मी आता रोज सकाळी फोटोपुढं उभी ऱ्हाती आन् नाव घेऊन हाक मारती, बबन, अवो बबन. शेजारणी हसत्यात, हसूद्यात. यांचं नाव एकदा तरी यांच्या कानावर जाऊ दे.