पुनमचं नाव गटात नव्हतं

नाई नाई, कॉम्प्युटर बिघडला नाई, सुरेंद्रभाऊ — ग्रामसभेत मीच तसं सांगून बसलो होतो — बसा न, खुर्ची पुसतो. चंद्रपूरवरून एवढं आले, पाणी तरी घ्या. कॉम्प्युटरात हा लिनक्स तुम्हीच टाकून देल्ला, तुम्हाले काय सांगू — जीपीएसचं यंत्र केबलनं जोडलं तरी ज्याचं नाव कॉम्प्युटरातल्या त्या गटात हाये त्यालेच वाचू देते, बाकीच्याले परमिशन नाई म्हणते. अन् तुम्ही जातानी म्हटलं होतं, देवानंद, ऑफिसातल्या पुनमचं नाव पण टाक. टाकतो म्हटलं होतं मी.

आता यंत्र चार गावांत एकच, पाळीनं फिरते. आमची पाळी आली तं चार दिवस इस्तारीबुढा पुढं अन् आम्ही मागं — आपल्या जंगलाची शीव त्यालेच ठाऊक. हा मोहा आपला, तो बेहडा बाजूच्या गावाचा, हा दगड माह्या आज्यानं रोवला, म्हणे तो. यंत्रात एकावन्न खुणा घेतल्या. मंग मी साळीच्या लग्नाले पोंभुर्ण्याले गेलो. इकडं खुणा उतरवून घ्याले पुनमनं यंत्र कॉम्प्युटरले जोडलं, उघडलंच नाई. फोन केला तिनं. सहादा. रेंज? — होती भाऊ. पंगतीत बसलो होतो. खरं सांगू, बरं वाटून राह्यलं होतं. बाजूच्याले म्हटलं, पाहा, माह्याशिवाय ऑफिस चालत नाई. अन् पाळी संपली म्हणून यंत्र गेलं पुढच्या गावाले. त्यायची काय चूक? त्यायनं आपली शीव चालली, यंत्र भरलं, नवीन खुणा जुन्यावर चढल्या. आमची एक उरली नाई.

एका ओळीचं काम होतं, हो. काऊन नाई केलं? — सेफ्टी म्हणून — नाई, सेफ्टी नाई. ती बारावी झाली, मी आठवीतून निघालो. तिचं नाव टाकलं असतं तं मले कोणं बलावलं असतं? सभेत मी कोपऱ्यात बसतो, तोंड उघडत नाई. पण यंत्र अडलं का, 'देवानंद, जरा येऊन जा न' — तेवढंच होतं माह्यापाशी.

सोमवारी वनहक्काच्या दाव्याचा नकाशा द्याचा हाये. अन् इस्तारीबुढ्याले मागच्या हप्त्यात लकवा मारला. पाय उचलत नाई, जीभ जड झाली, डावा हात तेवढा चालते. उद्या खाटेवर नेतो त्याले जंगलात. दाखवन तो हातानं — जेवढं दाखवन तेवढं. यंत्र मागून आणलं हाये, ते पुनमच्या हाती राहीन. मी? मंगरू, लटारू, बुधू झाले तीन — खाटेचा चवथा पाय धराले कोणी लागते न.

हे पाहा, टाकलं नाव. हो, माहीत हाये, तिले कॉम्प्युटरातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागते, तेव्हाच लागू होते — सांगा तुम्हीच तिले. येऊन राह्यली पाहा ती. मी मागच्या दारानं निघतो, भाऊ.