प्रत्येक फाईलचे नाव श्री

सर्वसाक्षी विठ्ठलाचरणी मस्तक ठेवून सांगतो. दिवंगत पत्नीच्या वर्षश्राद्धाला तिच्याच आवाजातले भजन लावण्याचा माझा संकल्प होता. आप्त येऊन बसले. भाच्याने माझ्या चार हार्ड डिस्क संगणकाला एकत्र जोडल्या.

"मामा, फाईलचं नाव सांगा. चारींत एकदम शोधतो."

"श्री."

"म्होरं?"

"पुढे आकडा. आरंभी श्री लिहावे, एवढेच आम्ही जाणतो."

"अवो, सहा हजार फायली हाईत, समद्या श्रीच! कुठली उघडू?"

एकेक उघडता दुपार झाली. पहिलीत माझे प्रवचन, दुसरीत माझेच, शंभरावीतही माझेच. मलाच ते असह्य झाले. अखेर एका प्रवचनाच्या मध्येच तिचा स्वर उमटला: "अहो, आवरा आता! पानं वाढल्यात."

सारे मुकाट्याने जेवायला उठले.

आपणा सर्वांच्या घरी असे बोलावणारे माणूस चिरंजीव राहो.