एसीच्या जाळ्या आणि आईच्या पापड्या

आधी चहा संपवा, मग सांगतो. एप्रिलमध्ये मी आईला म्हणालो, "एसीच्या जाळ्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात. वाळल्या की बसव." आणि सुप्याला आपल्या कंपनीत ड्युटीवर पळालो. महिन्याभरात एसी गार हवा टाकेना, म्हणून काल मेकॅनिक बोलावला. आईनं त्याच्यापुढं चहा आणि तळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या ठेवल्या. पापडी खात खातच त्यानं एसीचं झाकण उघडलं. आत धुळीचा हा एवढा थर.

"काकू, जाळ्या कुठायत?"

"त्या व्हय? गच्चीवरच हायत की. ह्या पापड्या त्यांच्यावरच वाळवल्या. अजिबात चिकटत न्हाईत बगा."

मेकॅनिकचा हात तोंडापाशीच थांबला. चौथी पापडी होती ती.

"पण जाळ्या धुतल्या हुत्या ना?"

"ह्यानं धुतल्या की," आई म्हणाली.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. जाळ्यांना मी पाणीसुद्धा लावलं नव्हतं, गडबडीत कठड्यावर दोनदा आपटल्या होत्या फक्त.

आणि महिनाभर माझ्या डब्यातल्या ज्या पापड्या तुम्ही मागून मागून खाल्ल्या, त्या ह्याच.