परतली का ती?

दातांच्या दवाखान्यात पलीकडच्या बाईंचा आवाज ऐकून माझ्या शेजारच्या अंध आजोबांनी मान वळवली.

“बोलक्या पुस्तकांच्या मंडळातल्या ना तुम्ही? आम्हाला कादंबरी वाचून दाखवायचात!”

“अगबाई, ओळखलंत! मंडळ बंद केलं हो सरकारनं. काटकसर म्हणे.”

“आमच्याच कानांवर बरी काटकसर! त्या अर्धवट राहिलेल्या कादंबरीतली रुसून गेलेली बहीण शेवटी घरी परतली का?”

“मलाही ठाऊक नाही, आजोबा.”

“थट्टा करता? पुस्तक तुमच्याच हातात होतं की!”

“पुढचं पान आधी वाचायचं नाही, असा आमचा नियम होता. नाहीतर शेवट आवाजात आधीच कळतो.”

“मग ते पुस्तक?”

“कपाटासकट रद्दीत गेलं.”

“बायकोनं शेवटच्या घटकेला हेच विचारलं होतं. ‘परतली’ म्हणून ठोकून दिलं मी.”

“बरं केलंत. परतली नसती, तरी मी तसंच वाचलं असतं.”