पंचशीलाच्या अर्जाची दवंडी

ते साल दोन हजार सोळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरकर नव्या जिल्ह्याची वाट बघत होते. उदगीरात टँकरच्या रांगेत शेजारच्या सिंधुबाईंच्या पुढंच नागुबाई आणि त्यांची शास्त्रज्ञ लेक पंचशीला घागरी घेऊन उभ्या होत्या.

"माय, दुष्काळात तगणारी ज्वारी ओळखायची माझी चाचणी पेटंट हापिसानं आज जाहीर केली!"

"हळू बोल! पेटंट भेटलं व्हय?"

"न्हाई, आता नुसता अर्ज हाय. अठरा महिने झाकून ठेवतेत, मंग जगाला दाखवतेत."

"अठरा महिने! हत्तिणीचं गाभणपणच की. अन् काय काय दाखवलं?"

"समदं. ज्वारीच्या जनुकाची अक्षरं बी. ए, सी, जी, टी, चारच अक्षरं, पण पानामागं पानं."

"अगं येडे, मंग कुणीबी उचलंल की! काढून घे तो अर्ज!"

"आबानं जमीन घेतली तवा दवंडी कशाला दिली होती?"

"कुणाची हरकत असंल तर आत्ताच बोला म्हणून."

"हे बी तसंच. मागून कुणी म्हणलं, हे माझं, तर माझी तारीख आधीची हाय."

 नागुबाईंनी रिकामी घागर बडवली.

"ऐका हो ऐका! माझ्या लेकीनं ज्वारीचा शोध लावलाय! कुणाची हरकत?"

"हरकत न्हाई मावशे, पण नंबर आला, सरक म्होरं!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

पुढं पंचशीलाला पेटंट मिळालं. नागुबाई आता थकल्यात, पण पाहुणा आला की ती चार अक्षरं म्हणून दाखवतात. मागं उभं राहून सगळं ऐकलेल्या सिंधुबाईंनी तर त्या दिवशी घरी डोईवरची घागर उतरवण्याआधीच घरच्यांना ही बातमी सांगितली होती. जिल्ह्याची वाट बघणारं उदगीर मात्र अजून तालुकाच आहे.