ही बाजू वर

...नाही, पण मला सांगा, हसण्यासारखं काय आहे त्यात? माणसानं निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवर, स्वतःच्या हातानं अक्षरं करून लावायची म्हटलं तर गुन्हा आहे का? तीन अक्षरं हो, ‘या, बसा’. पुठ्ठ्याची कापायची, वरून नक्षीचा कागद लावायचा, संपलं! कागद तर चिकटवायचाय, त्यात काय एवढं?

हे मीच म्हणालो होतो. कबूल. पण का म्हणालो ते ऐका. आमच्या घरातला एकही खिळा माझा नाही. पडद्याची दांडी साडूनं बसवलेली, नळ साडूनं बदललेला, घड्याळ ज्याला लटकलंय तो खिळासुद्धा साडूचा. येतो, सोफ्यावर रेलतो, भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, “काय, दांडी टिकली ना आपली?” आपली! तुम्हाला सांगतो, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटतं मला. म्हणून म्हटलं, एक भिंत तरी आपल्या नावावर हवी. तर आमच्या हिनं काय करावं? लगेच तिच्या ताईला, म्हणजे साडूच्या बायकोला फोन. “अगं, हे स्वतः करतायत! रविवारी या बघायला.” झालं, घातलं मला तोफेच्या तोंडी.

कागद हिनंच निवडला, पडद्यांना शोभेल असा वेलबुट्टीचा. दुकानदार म्हणाला, “शेवटचाच ताव आहे, साहेब, जपून. पण कागद तर चिकटवायचाय, त्यात काय एवढं?” तोही तेच!

पुठ्ठा म्हणजे नव्या फ्रिजचं खोकं. कटरनं अक्षरं कापली... ते ‘ब’चं पोट कापताना कटर दोनदा घसरला, पण कापलं. मग कागद उलटा पसरला, पाठीला डिंक फासला आणि अक्षर हातात घेऊन थबकलो. ठेवायचं कसं? वाचता येईल असं की पालथं? आणि तेवढ्यात बघतो तर काय, ‘ब’च्या छातीवर ठसठशीत बाण आणि छापलेलं, ‘ही बाजू वर’. आता सांगा, आयुष्यभर कचेरीत छापील सूचना पाळणारा माणूस मी. ती बाजू वर ठेवली. तिन्ही अक्षरं तशीच, सुलट, वाचता येतील अशी. कडेचा कागद कातरून दुमडला, वरून हिचे पिठाचे डबे ठेवले आणि वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डबे उचलले, अक्षरं उलटली... आणि उलटीच! म्हणजे नक्षी सुंदर, एक सुरकुती नाही, पण कागद सगळा अक्षरांच्या पाठीला. समोरून बघाल तर उघडा पुठ्ठा आणि फ्रिजवाल्याचा बाण. पाठीमागून बघाल तर वेलबुट्टी, पण ‘या’चा काना ‘य’च्या अलीकडे. कागद सोलायला गेलो तर पुठ्ठाच निघायला लागला.

ही म्हणाली, “अहो, जाऊ दे. विकतची आणू, ताईला कुठं कळतंय?”

“नाही.”

“अहो, पण भावजी काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत, पण विकतची या भिंतीवर लागणार नाहीत.” एवढ्या आवाजात मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोललो. ही उठली, आत गेली आणि हातोडी आणून दिली. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

पण लावायची कुठं? डोकं खाजवत बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर उभा राहिलो. अक्षरं काखेत, नक्षी बाहेर. आणि आरशात बघतो तर ‘सा’ चक्क सरळ! तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला. आरशाच्या समोरची भिंत धरली, क्रमही उलटा लावला, तीन खिळे ठोकले. एक वाकला. वाकू दे, पण माझा आहे.

रविवारी साडू आला. भिंतीकडे बघितलं, मान डावीकडे, मान उजवीकडे. “काय हो, ही कुठली लिपी? कागद तर चिकटवायचा होता, त्यात काय एवढं?”

मी शांतपणे म्हटलं, “साडूबुवा, मागे वळा. आरशात बघा.”

वळला. आधी दिसलं स्वतःचं पोट. ते आत घेतलं, केस सारखे केले, आणि मग वाचलं. ‘या, बसा.’ तुम्हाला सांगतो, गुपचूप बसला हो! दांडीचं नावसुद्धा काढलं नाही. ही माझ्याकडे बघून हसली, आणि मी, जणू हे सगळं पहिल्यापासून असंच ठरलं होतं, अशा थाटात पाय लांब केले.

तिथंच थांबायला हवं होतं ना? पण नाही. निघताना ताई हिला म्हणाली, “किती वेगळी कल्पना गं! आम्हालाही हवीत अशी, अगदी अश्शीच.” आणि आमची ही, मला न विचारता, दारातच, “देतील की! कागद तर चिकटवायचाय, त्यात काय एवढं?”

देतो. करतो काय? पण आधी साडूच्या घरी आरसा कुठं आहे, तेवढं बघून येतो.