कादंबरीतल्या बाईचं वावर

(रोहिणखेडचं शिवार, बोंडअळीचं साल. अन्वरभाईच्या वावरात, म्हणजे शेतात, इतर बायांसोबत जमीला आणि वच्छलाबाई मजुरीनं कापूस वेचतायत. सारिका बांधावर बसून दोघींना पुस्तक वाचून दाखवते. तिच्या वाट्याची वेचणी त्या दोघी करतात.)

जमीला : पन आता खुनाचं पुस्तक नोको आनू. खुनी कोन, खुनी कोन करत हातच थांबते. साऱ्या बाया पुढं, अन् मी एकटी मांगं.

सारिका : मग भुताचं आणू?

जमीला : भुताचं चालते. अंधार पडायच्या आत काम सरते.

वच्छलाबाई : प्रेमाचं तं नकोच वं माय. दोनशे पानं झाली तरी त्या दोघाईले भूक लागत नाही. चुलीवर काय हाय, कोनी इचारतच नाही.

सारिका : आणि कविता, काकू?

वच्छलाबाई : त्या बऱ्या. वेचता वेचता तोंडात राह्यतात. पन मले तू मांगं वाचली त्या कादंबरीतल्या बाईसारखी पाह्यजे. नवरा मेल्यावर दीर म्हनते वावर इक, अन् ती ठाम नाही म्हनते. तिच्या भरवशावर काल म्याही दिराले नाही म्हनून टाकलं.

सारिका : म्हणजे? कशाला नाही?

वच्छलाबाई : माह्या दोन एकराले. गिऱ्हाईक घिऊनच आल्ता. म्हने, बीटी कपाशीलेही अळीनं सोडलं नाही, आता काय ठेवलं वावरात. म्हतलं, मी सही करत नाही. येत्या पावसाळ्यात मीच पेरीन.

जमीला : या अल्ला! अवं, पन त्या कादंबरीत तं बाईनं वावर इकलं!

वच्छलाबाई : कोन म्हनते?

जमीला : माही पोरगी नाजिश. वाचनालयातून तेच पुस्तक आनलं तिनं. बाई वावर इकते अन् शहरात जाऊन धुणीभांडी करते. मले वाटलं, पोट्टीच चुकली. काऊन वं सारिका?

सारिका : नाजिश चुकली नाही. काका गेल्यावर काकू त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आल्या होत्या. मान वर करत नव्हत्या. मला ते शेवटचं वाचवेच ना. मग मनानंच सांगितलं.

जमीला : मनानं! तुह्या मनापायी तिनं घरात झगडा घेतला!

सारिका : चुकलं माझं. काकू, आजच दिराला गाठा. सांगा, विचार बदलला. उद्या पुन्हा अळी आली तर मी कोणत्या तोंडानं तुमच्यासमोर येऊ?

वच्छलाबाई : थांब जरा. ती बाई साऱ्या वावरात कपाशी लावत नाही, अर्ध्यात तूर अन् ज्वारी पेरते. तेही पुस्तकात नाही?

सारिका : नाही. ते आमच्या आईनं केलं होतं. बाबा गेले त्या साली.

वच्छलाबाई : मंग? पिकलं?

सारिका : पहिल्या साली खाण्यापुरतं. दुसऱ्या साली थोडं बाजारात नेलं.

वच्छलाबाई : मंग त्यात खोटं काय हाय? लिहिनाऱ्यानं तुही माय पाह्यली नाही, एवढंच ना?

जमीला : अन् दीर?

वच्छलाबाई : दीर बोंबलन चार दिस. पोरी, मायले सांग, सांजच्याले येतो मी. घरचं तुरीचं बियानं ठेवलं असन तं मले दे म्हना.

सारिका : काकू, रागावल्या नाहीत ना?

वच्छलाबाई : कालपासून धाकधूक होती वं. पुस्तकातली बाई माह्या मदतीले येनार होती काय? तुही माय तं दोन घरं सोडून राह्यते.

जमीला : हाव, हेबी खरंच. चाल सारिका, वाच पुढं. हात थंडे पडून राह्यले.

वच्छलाबाई : वाच. अन् आता शेवट आला का, पह्यले मले इचारजो.